वजनाची वाट : खानदेशातली यादवकालीन देवळे चुन्यावाचून उभी कशी?

चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटणे येथे महादेवाचे एक दगडी देऊळ आहे. त्यावरच्या शिलालेखात शके 1075 हे वर्ष कोरलेले आहे, म्हणजे इ.स. 1153. निकुंभ घराण्यातल्या इंद्रराजाने या देवळाचे काम सुरू केले आणि त्याच्या मृत्यूनंतर, पुत्र गोवन लहान असताना राज्याचा कारभार पाहणाऱ्या राणी श्रीदेवीच्या काळात ते पुरे झाले, असे त्यातून कळते. तेव्हापासून पावणेनऊशे पावसाळे या देवळावरून गेले. आजच्या काँक्रीटच्या घराचा स्लॅब पाच-पन्नास वर्षांत गळू लागतो, त्यातली सळई गंजून गिलावा सुटतो. इथे मात्र सळई नाही, सिमेंट नाही आणि दगडांच्या सांध्यांत चुनाही भरलेला नाही. दगडावर नुसता दगड ठेवलेला आहे. मग हे उभे राहिले कसे?

गावोगावी याची दोन तयार उत्तरे मिळतात. एक म्हणजे हे पांडवांनी एका रात्रीत बांधले. दुसरे म्हणजे ही हेमाडपंताची किमया. पहिले उत्तर श्रद्धेचे आहे, पण दुसऱ्याला तारखांचा आधार नाही. हेमाडपंत म्हणजेच हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव यादवाचा आणि नंतर रामचंद्र यादवाचा मंत्री. महादेवाची कारकीर्द 1261 ते 1271 अशी आहे. पाटण्याचे देऊळ त्याआधी शंभरहून अधिक वर्षे बांधून झाले होते. चाळीसगावजवळच्याच वाघळीतला शिलालेख शके 991 चा, म्हणजे 1069 चा आहे. अंबरनाथच्या देवळावरचा लेख त्याहूनही थोडा जुना, शके 982 चा. म्हणजे ही पद्धत हेमाद्रीच्या जन्माआधीच पूर्ण विकसित झालेली होती. ती एका बुद्धिमान मंत्र्याची युक्ती नव्हती. पाथरवटांच्या अनेक पिढ्यांनी दगड फोडून, रचून आणि काही वेळा पडू देऊन मिळवलेले ते ज्ञान होते. त्या ज्ञानाचे सार एका वाक्यात सांगता येते. देवळाचा प्रत्येक भाग म्हणजे वजनाला सरळ खाली जमिनीकडे नेणारी वाट आहे. खांब दाट का, गाभारा लहान आणि अंधारा का, छत पायऱ्यापायऱ्यांनी आत का सरकते, शिखर इतके जड का, या सगळ्यांचे उत्तर या वाटेत आहे.

दगडाचा स्वभाव

खानदेशाची जमीन लाव्हाच्या थरांनी बनलेली आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून दख्खनच्या पठारावर जो काळा दगड पसरला, तो बेसाल्ट, आपल्या बोलीतला काळा पाषाण. एक घनमीटर बेसाल्टचे वजन साधारण 2.8 ते 2.9 टन भरते. दाब सोसण्यात या दगडाचा हात धरणारे साहित्य थोडेच. पण त्याची एक दुबळी बाजू आहे. त्याला दाबले तर तो टिकतो, ताणले तर तुटतो. जितका दाब तो सोसतो, त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच ताण त्याला झेपतो. लाकूड आणि लोखंड यांना ताणाचे वावडे नाही. दगडाला आहे, आणि देवळाची सगळी रचना या एका वावड्याभोवती बेतलेली आहे.

ताण कुठे येतो ते आधी पाहू. दोन खांबांवर एक आडवी दगडी तुळई ठेवली की ती स्वतःच्या वजनानेच मधोमध किंचित वाकू पाहते. डोळ्यांना ते दिसत नाही, पण दगडाला जाणवते. वाकताना तुळईचा वरचा पृष्ठभाग आकसतो, म्हणजे दाबला जातो, आणि खालचा पृष्ठभाग लांबतो, म्हणजे ताणला जातो. म्हणूनच दगडी तुळई तुटते तेव्हा तडा नेहमी खालून वर चढतो. समजा तुळई अडीच मीटर लांब, अर्धा मीटर उंच आणि चाळीस सेंटिमीटर रुंद आहे. तिचे स्वतःचेच वजन सुमारे 1.4 टन होते आणि छताचा भार त्यावर वेगळा येतो. आता खांबांमधले अंतर दुप्पट केले, तर खालच्या बाजूचा ताण दुप्पट होत नाही, चौपट होतो. तिप्पट अंतराला तो नऊपट होतो. या गणितामुळे दगडी तुळयांचा मंडप मोठा करायचा असेल, तर अंतर वाढवण्याची सोय नसते; खांबांची संख्याच वाढवावी लागते.

खांब दाटीने का?

सभामंडपात उभे राहिले की खांबांची गर्दी वाटते. ही गर्दी शोभेसाठी केलेली नाही. प्रत्येक तुळई तिला झेपेल एवढ्याच अंतरावर खांबावर टेकलेली असते. शिवाय खांबाच्या माथ्यावर बाहेर झुकलेले दगडी हात असतात. शिल्पकार त्यांना हस्त म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी तिथे भार पेलणारे बुटके यक्ष, म्हणजे कीचक, कोरलेले दिसतात. हे हस्त मोठे उपयोगाचे आहेत. दोन खांबांमधली मोकळी जागा दोन मीटर असेल आणि दोन्ही बाजूंचे हस्त तीस-तीस सेंटिमीटर पुढे आलेले असतील, तर तुळईखालची मोकळी लांबी 1.4 मीटर उरते. ताण लांबीच्या वर्गाने बदलतो, म्हणून एवढ्याने तो जवळजवळ निम्म्यावर येतो. दोन्ही हात वर करून छत पेलणारा तो कीचक नुसती नक्षी नाही. ज्या जागी तो बसवला आहे, त्या जागी भार खरोखरच पेलला जात असतो.

खांबाची घडणही नीट पाहण्यासारखी असते. तळाशी चौकोनी, मध्ये अष्टकोनी, वर गोल, पुन्हा चौकोनी असे टप्पे एकावर एक येतात. पुष्कळदा हे टप्पे वेगवेगळ्या दगडांचे असतात. वरच्या दगडाच्या तळाला एक बुटका खुंट ठेवतात आणि खालच्या दगडाच्या माथ्यावर त्याच मापाची खाच खोदतात. सुतार चौकटीला कुसू करतो तसाच हा जोड. तो भार वाहत नाही, दगड बाजूला सरकू देत नाही एवढेच त्याचे काम. भार वाहण्याचे काम दोन दगडांच्या सपाट तोंडांचे, आणि ती तोंडे टाकीने इतकी एकजीव घासलेली असतात की वजन एखाद्या टोकावर न साचता सगळ्या तोंडावर सारखे पसरते. सांध्यात चुना न घालण्याचे रहस्य इथे आहे. चुना दोन ओबडधोबड दगडांमधली पोकळी भरतो. पोकळीच ठेवली नाही, तर चुन्याला काम उरत नाही.

जळगाव, धुळ्याच्या बाजार समितीत हमाल धान्याच्या पोत्यांची थप्पी लावतात, ती पाहिली की ही रीत चटकन कळते. पोती एकमेकांना बांधलेली नसतात. खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर वरचे पोते आडवे येते, म्हणजे सांध्यावर सांधा कधीच येत नाही. वरची पोती खालच्यांना दाबून धरतात, आणि थप्पी जितकी चढते तितकी खालची पोती हलवणे अवघड होत जाते. देवळाच्या भिंतीत हीच सांधमोड आहे आणि हाच दाब. दोन दगडांमधले घर्षण वरच्या वजनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वजन हाच या बांधणीतला चुना.

चौकोनातून घुमट

आता छत. चार खांबांवर चार तुळया ठेवून तीन मीटरचा चौक तयार झाला. त्यावर झाकण घालायला तीन मीटरची अखंड फरशी टाकली तर ती ताणाने तुटण्याचा धोका. पाथरवटांनी काढलेली वाट अशी. चौकाच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक त्रिकोणी शिळा ठेवायची, तिच्या दोन कडा दोन तुळयांवर टेकतील आणि तिसरी कड दोन तुळयांचे मध्यबिंदू जोडेल अशी. चारही कोपऱ्यांवर शिळा बसल्या की आत तिरपा चौकोन उरतो आणि त्याचे क्षेत्रफळ बरोबर निम्मे असते. नऊ चौरस मीटरचे साडेचार झाले. त्याच्या कोपऱ्यांवर पुन्हा तशाच शिळा ठेवल्या की सव्वादोन उरले. आणखी एक थर चढवला की जेमतेम 1.06 मीटर बाजूचा चौकोन राहतो, आणि तो एका फरशीने सहज झाकता येतो. दोरी आणि खुंटीने आखता येईल एवढी ही सोपी भूमिती आहे, पण तिने एका अशक्य दगडाचे काम अनेक शक्य दगडांत वाटून दिले.

मंडप मोठा असेल तर पहिल्याच थरात लहान कोपरे कापून चौकोनाचा अष्टकोन करतात. त्यामुळे कोपऱ्याच्या शिळांचा भार खांबांच्या जवळ पडतो, तुळईच्या मध्यावर फारसा येत नाही. अष्टकोनावर मग दगडांची वर्तुळे चढू लागतात. प्रत्येक वर्तुळ खालच्यापेक्षा थोडे आत सरकलेले, आणि शेवटी मध्यभागी उलटे लोंबणारे दगडी कमळ. खालून पाहणाऱ्याला हा घुमट वाटतो, पण तो खऱ्या अर्थाने घुमट नाही. त्यातला प्रत्येक दगड आडवाच ठेवलेला असतो, फक्त त्याचे तोंड आत झुकलेले असते. अशा दगडाने आत का कलंडू नये? कारण त्याचा अर्ध्याहून अधिक भाग खालच्या दगडावर असतो, आणि त्याच्या शेपटावर वरून आणखी दगडांचे वजन ठेवलेले असते. शिवाय वर्तुळ पूर्ण झाले की त्यातले दगड एकमेकांना खेटतात. एकाला आत पडायचे तर शेजारच्या दोघांनी जागा द्यायला हवी, आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी त्यांना. जागा कोणीच देत नाही. दगड दाबला जातो, आणि दाब तर त्याला मानवतोच. पूर्ण झालेले प्रत्येक वर्तुळ आपले आपण टिकते, त्यामुळे संपूर्ण घुमटाला खालून लाकडी साचा लागत नाही. ज्या मुलखात भक्कम साच्याला लागणारे लांब लाकूड डोंगरातून आणावे लागे, तिथे ही सोय लहान नव्हती.

शिखर : ओझे की आधार?

गाभाऱ्यावरचे शिखर पाहून साहजिकच वाटते की एवढे ओझे डोक्यावर घेतल्याने देऊळ कमकुवत होत असेल. घडते उलटे. धुळ्याहून मालेगावकडे जाताना महामार्गालगत झोडगे लागते. तिथले माणकेश्वराचे देऊळ आज नाशिक जिल्ह्यात येते, पण घडणीने खानदेशातल्या देवळांचे सख्खे भावंड आहे. त्याच्या शिखरावर चारही बाजूंना तळापासून माथ्यापर्यंत जाणारे चार पट्टे आहेत, आणि त्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या ओळी वर जाताना आकसत गेल्या आहेत. या शैलीला भूमिज म्हणतात. अंबरनाथला आणि सिन्नरच्या गोंदेश्वराला हीच शैली दिसते. लहान शिखरांची प्रत्येक ओळ म्हणजे खालच्या ओळीपेक्षा आत सरकलेला एक थर. थर आत सरकवण्याची जी युक्ती मंडपाच्या छतात आतून दिसते, तीच इथे बाहेरून दिसते.

वर जाताना प्रत्येक थर लहान होतो, म्हणून जास्तीत जास्त वजन तळाशी आणि कमीत कमी माथ्याशी राहते. हे सगळे वजन गाभाऱ्याच्या चार जाड भिंतींवर सरळ उभे उतरते. माथ्यावर आवळ्यासारखी खाचांची मोठी गोल शिळा, म्हणजे आमलक, आणि त्यावर कळस बसतो. आमलक आत झुकलेल्या वरच्या थरांना दाबून जागच्या जागी धरतो. खालच्या भिंतींनाही या दाबाचा लाभ मिळतो. वारा किंवा झाडाची मुळी दगडाला आडवे ढकलू पाहते तेव्हा तिला आधी वरच्या वजनाने वाढवलेल्या घर्षणावर मात करावी लागते. म्हणून शिखर भिंतींना चेपून बसवणारा आधार आहे. याची किंमत गाभाऱ्याने मोजली आहे. एवढे वजन पेलायचे तर भिंती जाड हव्यात, त्यांना खिडक्या पाडून चालत नाही आणि खोली लहानच ठेवावी लागते. गाभाऱ्यातला अंधार आणि त्यातली निवांत जवळीक या किमतीतूनच आली. मंडपाला मात्र भिंतीची गरज नाही, कारण तिथे भार खांब वाहतात. म्हणून अनेक मंडप तीन बाजूंनी मोकळे असतात आणि त्यांच्या कडेने टेकायला दगडी बाके बांधलेली दिसतात.

पाणी, माती आणि जोते

वजन जमिनीपर्यंत पोचले म्हणजे काम संपले असे नाही. तापीच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जमीन असमान खचली तर चुना नसलेल्या भिंतीचे सांधे उघडतात. म्हणून देवळाखाली उंच, रुंद जोते येते. भिंतीच्या तळातून उतरणारे वजन जोत्यात पसरते आणि जमिनीच्या प्रत्येक चौरस फुटावर येणारा भार कमी होतो. पाटण्याचे चंडिकादेवीचे देऊळही असेच उंच जोत्यावर उभे आहे. पावसाच्या पाण्यासाठी मंडपाच्या कडेला उतरती दगडी पागोळी काढलेली असते, त्यामुळे पाणी भिंतीवरून न ओघळता दूर पडते. अभिषेकाचे पाणी गाभाऱ्यात साचू नये म्हणून ते बहुधा उत्तरेकडच्या मकरमुखातून बाहेर काढलेले असते. भिंतीचे पुढे-मागे जाणारे कोपरे ऊन-सावलीचा खेळ करतात हे खरे, पण घड्या पडलेल्या भिंतीचा तळ सपाट भिंतीपेक्षा रुंद होतो आणि ती कलंडायला अवघड जाते, हेही तितकेच खरे.

त्याच काळातले इंग्लंडचे गाव

ही रीत नेमकी काय साधते ते दुसऱ्या रीतीशेजारी ठेवून पाहिले की स्पष्ट होते. पाटण्याचे काम चालू होते, साधारण त्याच सुमाराला, 1140 च्या आसपास, इंग्लंडच्या हेरफोर्डशर परगण्यात किलपेक गावी लाल वालुकाश्माचे एक चर्च बांधले गेले. त्याचा आराखडा पाहून नवल वाटेल. लोकांना उभे राहण्याची लांबट खोली, तिच्यापुढे धर्मगुरूंची अरुंद जागा आणि टोकाला वेदीचा अर्धगोल कोनाडा, असे तीन भाग एका रेषेत. आपल्याकडे सभामंडप, अंतराळ आणि गाभारा याच क्रमाने येतात. पवित्र जागेकडे जाताना जागा आकसत जाते, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच. गावाच्या जीवनातले स्थानही मिळतेजुळते. इंग्लंडमध्ये गावकरी उत्पन्नाचा दशांश चर्चला देत. वेदीकडच्या भागाची डागडुजी धर्मगुरूकडे आणि लोकांच्या बाजूची गावाकडे असे. आपल्याकडे वाघळीच्या लेखात देवळासोबत विहीर आणि अन्नछत्र येते. पाटण्याला तर भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिले, हे शके 1128 च्या शिलालेखात नोंदलेले आहे. हा चांगदेव ज्योतिषी. तापी-पूर्णेच्या संगमावर ज्यांच्या नावाचे देऊळ आहे ते चांगदेव योगी वेगळे.

वजनाच्या बाबतीत मात्र दोन वाटा फुटतात. इंग्लंडच्या गवंड्याने भिंतीतली मोकळी जागा कमानीने झाकली. आधी अर्धगोल कमान आणि बाराव्या शतकाच्या अखेरीपासून टोकदार. कमानीतले दगड पाचरीच्या आकाराचे असतात आणि ते एकमेकांना दाबून धरतात, म्हणून त्यांवर ताण येत नाही. त्यामुळे लांब अंतर झाकता येते. पण कमान वजन सरळ खाली नेत नाही, ते बाजूलाही ढकलते. तो रेटा अडवायला भिंत जाड करावी लागते किंवा तिला बाहेरून दगडी धिरे द्यावे लागतात, आणि दगड चुन्यात बसवले जात. छताला गावोगावच्या चर्चमध्ये बहुतेक ओकचे लाकूडच वापरले जाई. या रीतीचा एक मोठा फायदा असा, की वस्ती वाढली की जुन्या भिंतीत कमानी पाडून शेजारी नवे दालन जोडता येई. इंग्लंडमध्ये मध्ययुगातली आठ हजारांहून अधिक गावचर्चे आजही उभी आहेत आणि त्यांतली कितीतरी अशी शतकानुशतके वाढत गेली आहेत. आपल्या देवळाला भिंत फोडून वाढता येत नाही, कारण भिंत हीच वजनाची वाट आहे. साक्री तालुक्यातल्या बळसाण्याला एका सभामंडपाभोवती तीन गाभारे असलेले देऊळ आहे आणि त्याच्या आसपास आणखी देवळांचा समूह आहे. आराखडा पहिल्या दिवशीच ठरवायचा, आणि पुढे हवे असेल तर शेजारी नवे देऊळ उभारायचे, हा या रीतीचा स्वाभाविक मार्ग आहे.

कमान माहीत नव्हती का?

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. आपल्या पाथरवटांना कमान ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी नाइलाजाने खांबांची गर्दी केली, असे म्हणतात. पुरावा तसे सांगत नाही. उत्तर प्रदेशातल्या भितरगावच्या गुप्तकालीन विटांच्या देवळात खऱ्या कमानी आहेत, आणि ते पाटण्याच्या कितीतरी शतके आधीचे आहे. पाटण्याजवळच्याच पितळखोऱ्यात आणि पुढे अजिंठ्यात लेण्यांच्या दर्शनी भागावर कमानीचा आकार डोंगरात कोरलेला आहे. म्हणजे आकारही परिचयाचा होता. नव्हती ती गरज. चर्चमध्ये सगळे गाव एकाच वेळी, एकाच छताखाली, वेदीकडे तोंड करून उभे राहते. त्याला रुंद, अडथळा नसलेले दालन हवे. देवळात माणूस एकेकटा येतो, प्रदक्षिणा घालतो, देवासमोर क्षणभर उभा राहतो आणि बाहेर पडतो. उत्सवाची गर्दी देवळाच्या अंगणात मावते. जिथे रुंद दालनाची गरज नाही, तिथे सतत बाजूला रेटणारी कमान घेऊन चुना आणि साचे यांचा खर्च कशाला करायचा?

गरज बदलली तेव्हा रीतही बदलली, याचा दाखला खानदेशातच आहे. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरला फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. या घराण्याचा संस्थापक मलिक राजा 1399 मध्ये वारला, आणि त्याच्या वंशाची सत्ता 1601 मध्ये अकबराने अशीरगड घेईपर्यंत टिकली. थाळनेरच्या इमारतींत तोच खानदेशी काळा दगड आहे, पण वर खरा घुमट आणि कमानी आहेत. दगड तोच, मुलूख तोच. कबरीवर एकसंध मोकळी पोकळी हवी होती, आणि चुना व साचा हाताळणारे कारागीर सोबत होते, म्हणून दुसरी वाट निवडली गेली. एका वाटेला अज्ञान आणि दुसरीला ज्ञान म्हणणे हा दोघांवरही अन्याय आहे.

आकार शास्त्राने ठरवला की वजनाने?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. देवळाचा आकार वास्तुग्रंथांनी आणि धर्मकल्पनेने ठरवलेला आहे. शिखर म्हणजे मेरू, गाभारा म्हणजे गर्भ. मग त्यात वजनाचे गणित शोधणे हा आपला आधुनिक अट्टाहास नाही का? अर्थ धर्माने दिला, हे मान्यच आहे. पण ज्या अर्थाला दगड साथ देत नाही, तो अर्थ शंभर वर्षे उभा राहत नाही. मेरूची कल्पना सरळ उभ्या, वर रुंद होत जाणाऱ्या बुरुजानेही दाखवता आली असती. दगडाने ती मानली नसती. जे आकार एकाच वेळी मनाला पटले आणि वजनालाही पटले, तेच पिढ्यानपिढ्या टिकले आणि त्यांचीच पुढे ग्रंथांत मापे झाली. वास्तुग्रंथांत खांबाची जाडी त्याच्या उंचीच्या प्रमाणात सांगितलेली असते. त्या प्रमाणात धर्माची शिस्त आहे, आणि न मोडलेल्या खांबांचा अनुभवही आहे.

मग इतकी देवळे पडली कशी?

तिसरा प्रश्न रास्त आहे. पद्धत इतकी पक्की असेल, तर खानदेशात ठिकठिकाणी कोसळलेले मंडप का दिसतात? काही देवळे माणसांनी पाडली आणि काहींचे दगड वाड्यांना, विहिरींना, गढ्यांना गेले. पण ज्यांना कोणी हात लावला नाही, त्यांचे पडणेही या पद्धतीचेच नियम पाळते. जाड भिंतींचे गाभारे टिकतात आणि मंडपाची छते आधी जातात, कारण आडव्या तुळया मंडपातच जास्त आहेत आणि दगडाची दुबळी बाजू तिथेच उघडी पडते. भिंती आतून दोन पदरी असतात; बाहेरचे आणि आतले पदर घडीव दगडांचे, मध्ये दगडगोट्यांचा भराव. छताच्या सांध्यातून पाणी त्या भरावात उतरले की तो बसतो आणि पदर बाहेर फुगतात. पक्ष्याने टाकलेले पिंपळाचे बी सांध्यात रुजले की मुळी जाड होताना दगड उचलते. वजन जिथून खाली जात होते ती वाट एका ठिकाणी तुटते आणि शेजारच्या तुळईवर तिला न झेपणारा भार येतो. एक दगड निसटल्यावर थप्पी ढासळावी तसे मग थरामागून थर जातात. पद्धत चुकली म्हणून देऊळ पडत नाही. वाट अडली म्हणून पडते.

थोडक्यात

• दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून वजन शक्यतो सरळ खाली नेले आहे.
• तुळईची मोकळी लांबी दुप्पट केली की ताण चौपट होतो. म्हणून खांब दाट आणि त्यांचे हस्त बाहेर आलेले.
• चौकोनाच्या कोपऱ्यांवर शिळा ठेवल्या की झाकायची जागा प्रत्येक थराला निम्मी होते. मोठ्या मंडपात अष्टकोन आणि मग वर्तुळे येतात.
• शिखराचे वजन भिंतींना दाबून धरते, घर्षण वाढवते आणि सांधे घट्ट ठेवते.
• कमान माहीत होती. एका छताखाली गाव जमवण्याची गरज नव्हती, म्हणून ती वापरली नाही.
• देऊळ पडते ते पाणी, मुळी आणि खचणारी माती यांनी वजनाची वाट तोडल्यामुळे.

दुरुस्ती कशी असावी?

हे सगळे समजून घेण्याचा उपयोग कौतुकापुरता नाही. गावोगावी भाविक मोठ्या प्रेमाने या देवळांची दुरुस्ती करतात. सांधे सिमेंटने बुजवतात, गळत्या मंडपावर काँक्रीटचा स्लॅब टाकतात, दगडाला तैलरंग देतात. भावना चांगली असते, पण प्रत्येक उपाय या पद्धतीच्या विरुद्ध जातो. सिमेंटने सांधे बंद केले की भरावात शिरलेले पाणी बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि ते आत साचते. स्लॅबमुळे शतकांपूर्वी ठरलेल्या भारात नवे वजन येते, आणि तेही नेमके तुळयांवर. रंगाखाली तडा झाकला जातो, म्हणून धोका वेळेत दिसत नाही. खरी दुरुस्ती याहून साधी आणि स्वस्त आहे. दर पावसाळ्यानंतर सांध्यांतली रोपे लहान असतानाच काढावीत. छतावरचे पाणी वाहून जाण्याच्या जुन्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात. जोत्याभोवती पाणी मुरू देऊ नये. पडलेला घडीव दगड कुंपणाला किंवा ओट्याला न वापरता देवळाच्या आवारातच ठेवावा, कारण प्रत्येक दगडाला त्याची एकच जागा आहे आणि त्याच्या खाचा-कुसवांवरून ती जागा जाणकाराला पुन्हा सापडते. वाकलेली तुळई किंवा सरकलेला खांब दिसला, तर स्थानिक गवंड्याला बोलावण्याआधी पुरातत्त्व खात्याला कळवावे. संरक्षित देवळांच्या बाबतीत तर खात्याच्या परवानगीवाचून दुरुस्ती करायला कायद्यानेच मनाई आहे.

देवळाला नवे बळ देण्याची गरज नाही. ते त्याच्याजवळ आहे. पाणी, मुळी आणि आपली घाई यांना त्याच्या वाटेतून दूर ठेवले, तर बाराव्या शतकातल्या पाथरवटांचे गणित पुढची कित्येक शतकेही बरोबरच येत राहील.